हौसेनं दिलेली जपानी गाडी

पेणच्या रामवाडीत जगनशेठची भातगिरणी आहे, आणि गिरणीच्या दारात गेली दोन वर्षं एक मोतिया पांढरी जपानी गाडी उभी असते. उभी असते, हे मुद्दाम सांगितलं. ती धावते किती आणि उभी राहते किती, हे जगनशेठला विचारू नये. त्याचं ब्लडप्रेशर वाढतं आणि त्याची बायको मालू आतून ओरडते, "अवो, गोळी घेतलीत का?"

रोह्याच्या एका कंपनीत तीन वर्षांसाठी एक जपानी साहेब आला होता. येताना त्याने आपली वापरातली गाडी बोटीने आणली आणि परत जाताना ती इथेच विकायचं ठरवलं. जगनशेठ त्या कंपनीच्या कँटीनला तांदूळ पुरवायचा. बातमी कानावर पडली तसा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो साहेबाच्या बंगल्यावर हजर! मोठ्या गाड्या काय, पेणमध्ये पैशाला पासरी झाल्यात. पण समुद्र ओलांडून आलेली एकाकडे तरी आहे का? जगनशेठला गाडी नको होती, हे उत्तर हवं होतं.

साहेबाला मराठी येईना, जगनशेठला जपानी. मध्ये बोलणारा माणूस नेमका रजेवर. साहेबाने किल्ली हातात दिली, मग मागचं दार उघडलं आणि सीटकडे हात करून कमरेत वाकला. जपानी माणूस मान देतो तेव्हा वाकतो, एवढं जगनशेठला ठाऊक होतं. तोही वाकला. साहेब पुन्हा वाकला, जरा जास्त. जगनशेठने पोट सांभाळत त्याहून जास्त वाकून दाखवलं. तीन वेळा असं झाल्यावर साहेबाने सुस्कारा सोडला आणि हात मिळवून निरोप दिला.

"एवढा मोठा साहेब, पण तीन वेळा वाकला माझ्यापुढं!" हे जगनशेठने अख्ख्या पेणला ऐकवलं. पुढे गाडीने रंग दाखवायला सुरुवात केल्यावर त्याचं मत पालटलं. "मेला माफी मागत व्हता. माझ्याच डोक्यात उजेड पडला नाय."

पण पहिले सहा महिने काय थाट होता म्हणून सांगू! गाडी बॅटरीवर आणि पेट्रोलवर, दोन्हींवर चालायची. आवाज म्हणून नाही. एरवी गिऱ्हाइकाच्या घरी टेम्पो जायचा, तो जगनशेठने बंद केला. भरडलेला तांदूळ, कोंड्याची पोती, सगळं मागच्या सीटवर घालून तो स्वतः पोचवायला जाऊ लागला. गागोद्याच्या एका म्हातारीकडे अर्धं पोतं कोंडा नेऊन दिला तेव्हा सगळी आळी गाडी बघायला जमली होती. म्हातारीने कोंडा बाजूला ठेवून आधी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. जगनशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. असा मान त्याला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

गाडी बोलायचीसुद्धा. दार उघडलं की एक बाई जपानीत गोड आवाजात काहीतरी सांगायची. "प्रवास सुखाचा होवो म्हणते," असं जगनशेठ पाहुण्यांना ठोकून द्यायचा. मालूला त्या बाईचा आवाज पहिल्या दिवसापासून नकोसा होता.

मग गाडी अडायला लागली. पहिल्यांदा वडखळच्या नाक्यावर. समोर लाल दिवा लागला, बाई घाईघाईने काहीतरी बोलली आणि गाडी गोगलगायीसारखी सरकायला लागली. नंतर नागोठण्याला, नंतर ऐन बाजारात. तासभर उभी ठेवली की मुकाट चालू व्हायची, आणि उन्हात चार किलोमीटर गेली की पुन्हा रुसायची. गिरणीशेजारच्या अमोल मेकॅनिकने बॉनेट उघडलं, देवाच्या मूर्तीकडे बघावं तसं आत पाहिलं आणि हलकेच बंद केलं. "शेठ, याला हात लावायची आपली लायकी नाय." पनवेलच्या मोठ्या वर्कशॉपवाल्याने गाडी न बघताच फोनवर सांगितलं, मोठी बॅटरी गेली असेल, ती जपानवरून मागवावी लागेल, कधी येईल ते विचारू नका.

विकावी, तर तेही जमेना. गिऱ्हाईक मिळालं असतं, पण पेणच्या नाक्यावर काय तोंड दाखवायचं? ज्या तोंडाने दोन वर्षं फुशारकी मारली, त्याच तोंडाने 'विकली' म्हणायचं? लोक चहाबरोबर चघळत बसले असते. जगनशेठला गाडीतून सुटायचं होतं, पण मान ठेवून सुटायचं होतं.

आणि तेवढ्यात प्रतिक्षाचं जमलं.

प्रतिक्षा ही त्याची एकुलती एक मुलगी. पेणमध्ये औषधांच्या दुकानात कामाला, आणि घरात ती गाडी न घाबरता चालवणारी एकटीच. तिच्या मामाने, म्हणजे गागोद्याच्या विठूमामाने, स्थळ आणलं होतं. मुलगा साईराज, रोह्याजवळच्या वरसेचा, कंपनीत यंत्रांची देखभाल करणारा. बाप नाही. आई बायजाबाई, जिने खाडीकाठच्या मिठागरात डोक्यावरून मीठ वाहून पोराला शिकवलं. मुलामुलीची पसंती झाली होती, आता वरसेला जाऊन बोलणी तेवढी करायची होती.

जगनशेठला एका रात्रीत सगळं लख्ख दिसलं. गाडी लेकीला द्यायची! मुलीच्या बापाने लग्नात विलायती गाडी दिली म्हटल्यावर कोण हसेल? उलट नाव होईल. पुढे ती रोह्यात अडो की रस्त्यात मरो, पेणला काय कळतंय? त्याने विठूमामाला फोन करून पढवून ठेवलं, "बैठकीत तू फक्त विचार, लेकीला हौसेनं काय देणार? पुढचं मी बघतो."

रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत तिघं निघाली. प्रतिक्षा गाडी चालवत होती. नागोठण्याला गाडी एकदा आणि वरसेच्या कमानीपाशी दुसऱ्यांदा अडली. शेवटची दोनशे पावलं बाप-लेकीने ढकलत नेली. मालू मागून पिशव्या घेऊन चालत होती आणि त्या जपानी बाईला मराठीत उत्तरं देत होती.

विठूमामा गागोद्याहून आधीच येऊन बसला होता. बैठक बसली. चहा झाला. बायजाबाई म्हणाली, "माझं काय मागणं नाय. मुलगी आणि नारळ, बस."

विठूमामाने घसा खाकरला. "ते झालंच गो. पण जगनशेठ, तुम्ही आपल्या हौसेनं लेकीला काय..."

"गाडी!" जगनशेठ इतक्या घाईने बोलला की विठूमामाचं वाक्य तोंडातच राहिलं. "दारात उभी हाय ती. जपानची. लेकीपेक्षा जास्त काय नाय मला."

बायजाबाईने पदर सावरला. "नको, जगनशेठ. उद्या गाव म्हणेल, बायजाने पोर विकला. मला नाय चालायचं."

"अवो, हुंडा नाय हा, हौस हाय! शब्द दिला तो दिला. चारचौघांत दिला. आता मागे घ्यायचा तर माझं थोबाड कुठं लपवू?"

प्रतिक्षा दारात उभी होती. बापाला ती चांगली ओळखून होती. तिने त्याला खुणेने ओटीवर बोलावलं.

"बाबा, ही तुम्हाला नकोशी झाली म्हणून मला देताय ना?"

जगनशेठ गडबडला. "अगो, काय बोलतेस! तुझ्यावर जीव हाय म्हणून..."

तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि हसली. "असू दे. मला आवडते ती. तुम्ही मला शिकवलं त्या गाडीवर, पहिल्या दिवशी गटारात घातली तरी ओरडला नाय. बंद पडली तर ढकलीन. माझ्या बाबांची म्हणून नेईन."

जगनशेठने नजर खाली वळवली, पण काम होत होतं, त्यामुळे त्याने मान डोलावली. प्रतिक्षाच आत गेली आणि बायजाबाईच्या शेजारी बसून म्हणाली, "आई, नाय म्हणू नका. तुमच्या घराला नाय देत, मला देतायत. चालवणार पण मीच." पोरीने पहिल्यांदा आई म्हटलं, तिथेच बायजाबाई विरघळली. विठूमामाने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. जगनशेठने तर दोनदा घेतली. छातीवरून भाताची गोण उतरावी तसं त्याला झालं होतं.

जेवणाला वेळ होता. साईराज म्हणाला, "काका, गाडी बघू का जरा? आमच्याच कंपनीत होती ती, तेव्हा साहेबाचा ड्रायव्हर दर महिन्याला मागची जाळी साफ करायचा. तुम्ही करता ना?"

"कसली जाळी?"

साईराजने मागचं दार उघडलं, सीटकडे हात करून कमरेत वाकला आणि सीटच्या कडेची एक बारीक जाळी दाखवली. जगनशेठ बघतच राहिला. हुबेहूब तो साहेब! म्हणजे तो मान देत नव्हता आणि माफीही मागत नव्हता. तो तीन वेळा जाळी दाखवत होता, आणि हा गाढव तीन वेळा त्याला नमस्कार करत होता.

"बॅटरीला थंड हवा इथून जाते," साईराज जाळी काढत म्हणाला. आतून कोंडा निघाला. मूठभर नाही, चांगला शेरभर निघाला. दोन वर्षं पोचवलेल्या पोत्यांचा कोंडा पंख्याला घट्ट लिंपून बसला होता. साईराजने जुन्या टूथब्रशने पंखा साफ केला, कंपनीतून आणलेलं, बिघाडाची नोंद पुसणारं छोटं यंत्र जोडून लाल दिवा घालवला आणि हात झटकले. "बॅटरी चांगली हाय, काका. बिचारी गुदमरत होती. आता दहा वर्षं बघायला नको. एक फेरी मारून बघा."

जगनशेठ एकटाच फेरीला गेला. भर दुपारचं ऊन, तरी गाडी लोण्यासारखी चालली. अष्टमीच्या पुलापर्यंत गेला, वळवली, आणखी एकदा पुलापर्यंत गेला. पुलावर दोन माणसं मान वळवून बघत राहिली. बाई एक शब्द बोलली नाही. जगनशेठला ते पहिले सहा महिने आठवले, पेणचे नाके आठवले. आपण हे काय करून बसलो!

परत आला तो गंभीर चेहरा करूनच. पंगतीत दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "बायजाबाई, मी वाटेत लय विचार केला. तुमचं म्हणणं मला पटलं. लोक वाईट. पोर विकला म्हणतील. तुमच्यासारख्या कष्टाच्या बाईला माझ्या हौसेपायी बोल लागायला नको. गाडीचं आपण राहू देऊ. मुलगी आणि नारळ."

विठूमामाचा हात ताटातच थांबला. मालूने कपाळाला हात लावला. साईराज खाली मान घालून भात कालवत राहिला. बायजाबाई मात्र गालात हसली. "माझं पहिल्यापासून तेच व्हतं, जगनशेठ. जेवा तुम्ही पोटभर."

काहीही बिनसलं नाही. लग्नाची तारीख ठरली, निरोप झाले, सगळे अंगणात आले. जगनशेठने ऐटीत दार उघडलं. "प्रतिक्षा, बस गो. आज बापाच्या हातची बघ कशी पळते ती."

प्रतिक्षा जागची हलली नाही. ओरडलीही नाही. "बिघडली व्हती तेव्हा माझी व्हती, बाबा. चालायला लागली तशी तुमची झाली," एवढंच म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. "मी एसटीनं येते."

"अगो, येडी का काय तू? दारात गाडी..."

"थांब गो बाय, मी पण येते," म्हणत मालूने पिशव्या उचलल्या आणि दोघी रिक्षा करून रोह्याच्या स्टँडवर गेल्या. मागची सीट रिकामी राहिली.

पेणची एसटी सुटली तेव्हा जगनशेठ तिच्या मागेच होता. त्याला वाटलं, पुढच्या थांब्यावर उतरतील. उतरल्या नाहीत. रस्ता मोकळा होता, गाडी आज कोणालाही मागे टाकेल अशी होती, पण त्याने एसटीला एकदाही ओलांडलं नाही. नागोठण्याला बस थांबली, तो थांबला. वडखळला थांबली, तो थांबला. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. बसच्या मागच्या काचेत प्रतिक्षाची वेणी दिसत होती. तिने एकदाही वळून बघितलं नाही, आणि जगनशेठला स्वतःची लाज वाटत होती. पेणच्या नाक्यावर हसणाऱ्यांची त्याने दोन वर्षं भीती बाळगली, आणि पोरीपुढे मात्र स्वतःच नागडा झाला.

रामवाडीच्या स्टँडवर दोघी उतरल्या. जगनशेठने गाडी तशीच रस्त्यात सोडली आणि पानवाला, रिक्षावाले, ओळखीचे चार जण बघत असताना लेकीपुढे किल्ली धरली.

"घे, पोरी. तुझीच हाय. चांगली चालते, तरी देतोय."

प्रतिक्षाने किल्लीकडे बघितलं, मग बापाकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आवाज मात्र नेहमीचा, औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तसा.

"आत्ता नको, बाबा. बिघडली की सांगा. तेव्हा नेईन."

ती आईच्या हातातली एक पिशवी घेऊन घराकडे चालू लागली. मागून कोणीतरी ओरडलं, "अवो जगनशेठ, गाडी घ्या बाजूला! काय झालं, बंद पडली का?"

"नाय रं," जगनशेठ म्हणाला. "चांगली चालते."