घड्याळजीची मुलगी

भाषण संपलं तेव्हा तिचे गाल दुखत होते. हसून हसून गाल दुखतात, असं सौंदर्यस्पर्धा जिंकण्याआधी कुणी सांगितलं असतं तर तिला ती थट्टा वाटली असती. मागच्या वर्षी ती जिंकली आणि तेव्हापासून शाळा, कारखाने, महिला मंडळं अशी फिरत होती. मुलींना शिकू द्या, लग्न कधी करायचं ते त्यांना ठरवू द्या. भाषण तेच. आता ते तिला झोपेतही म्हणता आलं असतं. अम्मीचं म्हणणं, एकदा म्हटलंही होतं.

घरात तिला लहानपणापासून सगळे राणी म्हणायचे. मुकुट मिळाल्यावर गल्लीतही तोच शब्द ऐकू येऊ लागला, पण सूर वेगळा. तिचे अब्बा बस चालवायचे. डेपोतले जुने सोबती त्यांना चहाला हाक मारेनासे झाले होते. डोक्यावर ओढणी घेतली की तिला कार्यक्रमांना नेणारे लोक नाराज, नाही घेतली की नातेवाईक. हल्ली ती आरशासमोर उभी राहून फक्त एवढंच बघायची, की आज कुणाची बोलणी खायची ताकद आहे.

त्या दिवशी मुली पांगल्यावर शाळेतल्या गणिताच्या बाई तिच्याजवळ आल्या.

"आमची एक मुलगी यायची बंद झालीय. वर्गात सगळ्यात हुशार. वडील घड्याळजी आहेत, आई नाही. आम्ही जाऊन आलो, पण दाद देत नाहीत. तुम्ही बोलून बघता? तुमच्यातलेच आहेत ते."

'तुमच्यातले' हा शब्द तिला नवा नव्हता. तरी ती हो म्हणाली. तिचे कार्यक्रम ठरवणाऱ्या मॅडमनी लगेच कॅमेरावाल्याला हाक मारली.

"तो नको," राणी म्हणाली. "अम्मीला घेऊन जाते."

दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर बंद पडलेली घड्याळं. मागे पडदा, पडद्याआड घर. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं, दोघींना स्टुलं दिली आणि आत पाणी सांगितलं. पाणी घेऊन मुलगी आली. राणीकडे बघून तिचा चेहरा असा उजळला की राणीला मान खाली घालावीशी वाटली.

"ओळखलं मी तुला," मुलगी आत गेल्यावर घड्याळजी म्हणाले.

"मग बरंच झालं, चाचा. मी तिच्या शाळेबद्दल—"

"माहीत आहे. आधी माझं ऐक. मी तिला कधी अडवलं नाही. तिची आई गेली तेव्हाही नाही. स्वयंपाक मी करतो. वाईट करतो, पण करतो. तिने अभ्यास करावा म्हणून." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "मग शाळेच्या फाटकावर तुझा फोटो लागला. एवढा मोठा, मुकुट घातलेला. माझे भाऊ रोज तिथून जातात. म्हणाले, पोरीला शिकवतोयस ते हे करायला का?"

"भाईसाहेब, शिकण्याचा आणि स्पर्धेचा काय संबंध?" अम्मी फणकाऱ्याने म्हणाली. "माझ्या मुलीने काही वाईट केलेलं नाही."

"मी कुठे म्हणतो केलं? पण मी एकटा माणूस आहे. उद्या मला काही झालं तर हिच्याकडे बघणारे तेच आहेत. त्यांच्याशी वाकडं घेऊन मी कुठे जाऊ?"

भाषणात राणीकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. गरिबी, लग्न, लोक काय म्हणतील, सगळ्याला. अडचण आपण स्वतः असलो तर काय बोलायचं, ते तिने कधी पाठ केलं नव्हतं.

"माझा फोटो नसता तर ती गेली असती?"

"कालही गेली असती."

भांडावं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण भांडायला लागणारं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि या माणसाशी भांडून काय मिळणार होतं?

"मग फोटो उतरतो. मी त्या शाळेत पुन्हा जाणार नाही. तुम्ही तिला पाठवा."

घड्याळजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि टीव्हीवर आमची गोष्ट सांगशील."

"नाही सांगणार. शब्द देते."

पडदा सर्रकन बाजूला झाला.

"मला नकोय अशी शाळा!" मुलगी राणीकडे बघून ओरडली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, घाबरून मागे सरायचं नाही? मागच्या खेपेला शाळेत आमच्यासमोर उभं राहून म्हणाला होतात! आणि आता काका बोलले म्हणून तुम्ही पळताय?"

"बेटा, मोठ्यांशी—" घड्याळजी उठले.

"बोलू द्या तिला," राणी म्हणाली. मग मुलीकडे वळून म्हणाली, "म्हणाले होते. माईक हातात असला की म्हणणं सोपं असतं. तू परीक्षा दे. पुढे शीक. मग माझ्यावर हवं तेवढं रागव."

"मी आत्ताच रागावलेय," मुलगी म्हणाली आणि रडत आत निघून गेली.

बाहेर आल्यावर अम्मीने राणीचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅडमना हे पटेना. "अगं, हीच तर गोष्ट सांगायला हवी! फोटो काढला म्हणजे आपण हरलो."

"हरलो तर हरलो, मॅडम. पोरगी वर्गात बसू दे."

"पण कुणाला कळणारच नाही!"

"नाही कळणार," राणी म्हणाली आणि चपला काढून तिथेच सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

फोटो उतरला. त्याच आठवड्यात मुलगी शाळेत आली. गणिताच्या बाईंनी फोनवर सांगितलं, पहिल्या बाकावर बसते, कुणाशी फार बोलत नाही, गणितं मात्र पटापट सोडवते. तिने तुमच्यासाठी काही निरोप दिलेला नाही, हेही त्यांनी चाचरत सांगितलं.

पुढे भाषणं चालूच राहिली. 'घाबरून मागे सरू नका' हे वाक्य मात्र राणीने गाळलं. त्या जागी दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तिथे ती पाणी प्यायची.

एका कार्यक्रमानंतर पत्रकाराने विचारलं, "वर्षभर फिरताय. खरं सांगा, तुमच्यामुळे एक तरी मुलगी शाळेत गेली का?"

मॅडमनी कोपऱ्यातून तिच्याकडे आशेने पाहिलं.

"माहीत नाही," राणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तेच छापून आलं, वर तिचा हसरा फोटो. सकाळी अब्बा ड्युटीचे कपडे घालून बातमी वाचत बसले होते. वाचून झाल्यावर त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडला.

"खरंच एकही नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

ती जमिनीवर त्यांच्या पायाशी बसली होती. टीव्हीवर सांगणार नाही, असा शब्द तिने घड्याळजींना दिला होता; अब्बांना सांगणार नाही, असा नव्हे.

"एक आहे, अब्बा. पण तिचं माझ्याशी पटत नाही."

अब्बांच्या मिशा हलल्या. "म्हणजे शिकतेय नीट," ते म्हणाले.

ती हसली. या वेळी गाल दुखले नाहीत, पण डोळे मिटायला लागले. अब्बांनी गुडघा थोडा पुढे केला. त्यावर डोकं टेकून ती पडून राहिली, त्यांची कामावर जायची वेळ होईपर्यंत.