पुलाचा बुजवलेला कान

या रे मित्रांनो, टेका कठड्याला. नदी उतरलीय, घाई कसली? गोष्ट सांगतो, माझीच.

ग्रीसच्या या डोंगरातला मी जुना दगडी पूल. सहाशे वर्षं झाली असतील. मोजणारे गेले, मी आहे. गवंड्यांनी चुन्यात शेळीचे केस कालवून मला उभा केला. खाली मोठी कमान, आणि खांद्यात एक भोक, माणूस वाकून जाईल एवढं. तो माझा कान. पूर चढला की पाणी त्यातून निघून जायचं, मला ढकलायचं नाही.

माझ्यावरून लोकरीचे तांडे गेले, मिठाची खेचरं गेली. नवऱ्या रडत गेल्या, लेकरं घेऊन हसत आल्या. मग खाली सिमेंटचा पूल झाला. मला कोण विचारतंय!

इथल्या गावात थोमाई नावाची पोर होती, तिचा बाप शेळ्या राखायचा. करडं माझ्या कानात लपायची, सांजेला निघायचीच नाहीत. वैतागून त्यानं भोक दगडांनी बुजवलं. सफाईनं बुजवलं, तेच वाईट. साठ हिवाळे गेले, लोक विसरले. इकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो, पूरही तेव्हाच. दर पुरात पाणी छातीवर बसायचं. शेवटी मला तडा गेला.

दुरुस्तीला लाम्ब्रोस मिस्त्री आला, सोबत शहरातली इंजिनिअर, आरेती. तडा भरायचा ठरला. तेवढ्यात म्हातारी थोमाई काठी टेकत आली.

"तडा काय भरताय? आधी याचा कान उघडा!"

"आजी, नकाशात भोक नाही," आरेती म्हणाली.

"नकाशाला काय कळतंय, बाई! माझ्या बापानं बुजवलंय. दगड मी उचलून दिलेत, या हातांनी."

लाम्ब्रोसनं हातोडी ठोकून पाहिली. आवाज पोकळ.

"काय गं म्हातारे, इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"बापाची चूक गावभर कोण सांगतं रे, शहाण्या?" तिनं मुठीनं डोळे पुसले.

"काढा दगड," आरेती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात मोठा पूर आला. पाणी कानातून धो धो गेलं, आणि मी उभा राहिलो. थोमाई खिडकीतून ओरडली, "आता ऐकू येतंय का रे, थेरड्या?"

यंदा ती नाही. गेल्या पुराचा एक ओंडका कानात अडकलाय, त्यावर काटक्या साचल्यात. ती असती तर काठीनं कधीच ढकलला असता. पुन्हा हिवाळा येतोय. पोरांनो, तुम्ही एकटे नका हात लावू. उद्या घरच्या मोठ्यांना आणा, एक दोर आणा, आणि तेवढा ओंडका ओढून काढा.