सनमायका लावला तो रविवार

"अवो, तो स्टोव्ह बंद करा आधी!"

मी दारातूनच ओरडले. भाजीची पिशवी उंबऱ्यात टाकली, तशीच आत धावले आणि स्टोव्हची किल्ली सोडली. मग खिडकी उघडली. सनमायका चिकटवायच्या रबर सोल्युशनचा उग्र वास घरात कोंडला होता, डोळ्यांना पाणी आलं माझ्या. आणि आमचे हे जमिनीवर फतकल मारून, कपाटाचं दार आडवं घेऊन त्यावर सोल्युशन सारवत बसले होते. हाताच्या अंतरावर स्टोव्ह, त्यावर चहा. ओल्या सोल्युशनवर धूळ बसू नये म्हणून खिडकी लावून घेतलेली!

"काय झालं गं एवढं बोंबलायला?"

"काय झालं? भडका उडाला असता! डब्यावर जाळाचं चित्र काढलंय, ते दिसत नाय? आन् ते नाय दिसलं तर नाक हाय ना तुमाला?"

 ते नुसते डब्याकडे बघत राहिले. एरवी मी एक बोलले की दोन ऐकवणारा माणूस. मला शंका आली.

सांगायला हवं, की रसायनीच्या कारखान्यात ह्यांच्या नाकाला मान होता. टाकी साफ करायला माणसं आत उतरत, तेव्हा हे टाकीच्या तोंडाशी उभे राहत. गॅस सुटला की पहिला वास ह्यांना यायचा. ह्यांनी 'चला बाहेर' म्हटलं की हातातलं टाकून सगळे वर येत. 'कमळाकरदादाचं नाक' असं पाळीतले लोक कौतुकाने म्हणत, आणि त्या नाकाच्या भरवशावर खाली उतरत.

मी फळीवरच्या बरणीतून मूठभर सुकट काढली.

"डोळे मिटा."

"काय पोरखेळ लावलास गं?"

"मिटा म्हणते ना!"

मूठ नाकाशी धरली. ते हुंगत राहिले. पुन्हा पुन्हा हुंगलं. कपाळावर घाम आला.

"कांदा?" शेवटी म्हणाले.

ज्या वासाने गल्लीतली मांजरं दाराशी गोळा होतात, तो ह्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं पार गेलाय. त्याआधी येत जात व्हता."

मला रडूच फुटलं. पूर्वी जिन्यातूनच हाक यायची, "मालन, आज बोंबील काय गं?" ती हाक बंद झाली, तेव्हा मला वाटलं, माझ्या हातचं आता गोड लागत नाही ह्यांना. मी रुसले, धुसफुसले, रागाने तिखट जास्त घातलं. तेही निमूट खाल्लं होतं बिचाऱ्याने.

"कुनाला बोलू नको," ते हळूच म्हणाले. "कळलं तर घरी बसवतील. क्वार्टर जाईल. समदी मांडामांड उचलून गावाला, लोधिवलीला जायाचं काय परत?"

मी मान डोलावली. सांगून टाका म्हणायला माझी जीभ उचलली नाही. चूल मलाच पेटवायची होती ना!

तेवढ्यात शेजारची जना डोकावली. "काय गं आक्का, आग लागली काय? केवढ्यांदा वरडलीस!"

"काय नाय गं. ये, हात लाव जरा."

हे कपाट ह्यांनी कारखान्यातल्या मशिनींच्या खोक्यांच्या फळ्यांचं केलेलं. धूर आणि तेल पिऊन ते काळं पडलं होतं. मी कित्येक दिवस मागे लागले, तेव्हा कुठे कुंभिवलीच्या दुकानातून सनमायका आला. दोन्हीकडचं सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की सनमायकाचा पत्रा बरोबर कडेला कड लावून टेकवायचा. एकदा टेकला की हलत नाही. हे एका टोकाला, मी दुसऱ्या. जना लाटणं घेऊन तयार बसली, वरून फिरवून पत्रा दाबायला.

जनाचं तोंड काही गप्प बसत नाही. "आमचं ह्ये टाकीत उतरतात ना दादा, तर आदी माजा जीव थाऱ्यावर नसायचा. पन तुमी वर हुबं असता म्हटल्यावर मी आपली बिनघोर झोपते बगा."

ह्यांच्या हातून पत्रा सुटला. वाकडा बसला. वरच्या कोपऱ्यात काळ्या लाकडाची पट्टी उघडी राहिली.

"अगं बया! वाकडा बसला की वो दादा!"

"बसू दे." ते उठले. रॉकेलच्या बोळ्याने हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. "जना, गजाला बोलव."

मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

जनाचा नवरा गजा बनियनवरच आला. हे त्याच्यासमोर उभे राहिले.

"गजा, मला वास येत नाय."

"काय चेष्टा करता दादा!" तो हसला.

"दिवाळीपासनं नाय येत. उद्या सायबाला सांगनार हाय. तोवर टाकीत उतरू नको."

गजाचं हसू विरलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. जनाच्या हातात लाटणं तसंच राहिलं.

"दिवाळीपासनं मी लई येळा उतरलो, दादा."

"म्हाईत हाय मला."

गजा भिंतीला धरून उठला आणि दाराबाहेर पडला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जनाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती नवऱ्याच्या मागोमाग निघून गेली.

सोमवारी ह्यांनी सांगितलं. साहेब ओरडला नाही म्हणे. डॉक्टरने तपासलं, आणि आठवडाभरात हे घरी बसले. क्वार्टर महिनाअखेर सोडायची होती.

गणवेश जमा करायचे होते. आमच्या लोधिवलीच्या वस्तीत कंपनीची खाकी पहिल्यांदा घातली ती ह्यांनीच. तेव्हा सासूबाई रस्त्यापर्यंत बघायला गेल्या होत्या.

"चांगलं धू गं," हे म्हणाले. "दुसऱ्याच्या अंगावर जायाचं हाय. त्याला आपला वास नको."

मी सोडा घालून उकळले, साबण लावून धोपटले, दिवसभर कडक उन्हात टाकले. संध्याकाळी शर्ट काढून नाकाशी धरला. कारखाना सुतासुतात बसला होता, जाणार नव्हता.

हे मागे येऊन उभे होते. "गेला का गं वास?"

"गेला," मी म्हटलं.

त्यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला, सवयीने हुंगला आणि मान डोलावली. मग बाह्या जुळवून नीट घडी घातली.