लटारूने पुसलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. रागीटही आहे, हे आधीच सांगून ठेवते. मूल या गावाजवळच्या एका खेड्यात, नर्स शकिलाबाईंच्या पेटीत मी राहत असे. बाळाची नाळ कापणे एवढेच माझे काम.

मी येण्यापूर्वी गावची सुईण सुगंधाबाई विळ्याने नाळ कापी आणि वर राख लावी. शकिलाबाईंनी वर्षभर मागे लागून ते सोडवले. कात्री वीस मिनिटे उकळायची, नाळेला काही लावायचे नाही, हे तिच्याकडून घोटून घेतले. बाळे जगू लागली. माझा मान वाढला, आणि मला तो आवडायचाही.

सन १९५७ च्या शिवरात्रीला शकिलाबाई मार्कंड्याच्या जत्रेत कॉलऱ्याच्या सुया टोचायला गेल्या. आरोग्य केंद्राचा शिपाई लटारू याने मला पेटीतून काढले आणि मातीत पसरलेली तेंदूची पाने कापून विड्या वळत बसला. तेवढ्यात सुगंधाबाई धावत आली. वारलूची बायको कमळा बाळंत होत होती. लटारूने मला धोतराला पुसून तिच्या हाती दिले.

"उकळली काय रे?"

"उकळली ना बाई! काऊन विचारतेस?"

सातव्या दिवशी कमळाच्या बाळाने दूध ओढणे सोडले. जबडा मिटला, अंग ताठ झाले. नवव्या दिवशी ते धनुर्वाताने गेले. आणि लटारू गावभर सांगत फिरला की सरकारी कात्रीच अपशकुनी आहे. चोर तो चोर, वर शिरजोर!

शकिलाबाई परतल्या. माझ्या स्क्रूपाशी अडकलेला पानाचा तुकडा त्यांना दिसला. दरडावल्यावर लटारूने कबूल केले. त्यांनी कमळाच्या घरी जाऊन सगळे खरे सांगितले. महिन्याभराने कमळा केंद्रात आली आणि म्हणाली, "बाई, मले उकळणं शिकवा." तेव्हापासून प्रत्येक बाळंतपणात चूल तिच्याकडे असे. मी पेटीत दातओठ खात लटारूची वाट पाहत होते.

पावसाळ्यात त्याची लेक मंगली बाळंत झाली. मुलगी रडली, छान गुलाबी होती. शकिलाबाईंनी तिला नाळेसकट आईच्या पोटावर ठेवून उबदार गुंडाळले. मी नुकती उकळत्या पाण्यात पडले होते. शकिलाबाईंचे घड्याळ कमळाच्या हातात होते. मोठा काटा चार आकडे सरकेपर्यंत मला काढायचे नव्हते.

लटारू दारातून कळवळला, "पोरगी तशीच पडून राह्यली, बाई! पुरे झालं, कापा ना!"

"तिले काही होत नाई," शकिलाबाई म्हणाल्या.

तो कमळाकडे वळला, हात जोडले. कमळाने घड्याळावरून नजर काढली नाही.

"माह्या पोराच्या वाख्ती तुले घाई होती," ती म्हणाली. "आता बस."

तो उंबऱ्याशी मटकन बसला आणि रडू लागला. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू? चार आकडे पूर्ण झाले, तेव्हाच कमळाने मला चिमट्याने उचलले. त्याची नात जगली.

मित्रांनो, लटारूला मी माफ केलेले नाही, करणारही नाही. तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा कात्री उकळली का, एवढे विचारून गप्प बसू नका. चुलीपाशी जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.