क्लेलची राख

गोळी हळू जात होती, आणि ती का हळू जाते हे ऑरिन हॉगलंडला कळत नव्हतं. हे त्याच्या पचनी पडणारं नव्हतं. स्वतःची काडतुसं स्वतः भरणारा माणूस मुळातच हट्टी. दुकानातली आयती काडतुसं वापरणाऱ्याकडे तो, साधा चहाही करता न येणाऱ्याकडे बघावं तसा बघतो. गॅरेजमधल्या त्याच बाकावर बंदुकीची दारू तोलण्यात ऑरिनचं आयुष्य गेलं होतं. त्याची गोळी सेकंदाला अठ्ठावीसशे फूट जायची म्हणजे जायची. आता गोळीचा वेग मोजणारं यंत्र दाखवत होतं चोवीसशे चौदा.

काडतुसं क्लेलसाठी होती. क्लेल त्याचा जिवलग मित्र. उन्हाळ्यात कुंपणाची तार ताणता ताणता जागच्या जागी गेला. या डोंगरांत शिकारी माणूस गेला की त्याची चिमूटभर राख काडतुसात घालतात आणि त्याच्याच रायफलीतून एक एल्क, म्हणजे थोराड सांबर, पाडतात. शेवटची शिकार त्याच्या नावावर लागते, मांस शेजारीपाजारी वाटलं जातं आणि घरचे डोळे पुसून कामाला लागतात. क्लेलची रायफल चालवणार होती त्याची बायको, व्हर्ना. राखही तिनेच आणून दिली होती, मुरंब्याच्या बरणीतून.

"एल्क पडला की मी लग्नाची अंगठी काढणार," ती तेव्हा म्हणाली होती. "मग विचार काय विचारायचंय ते. कधीची जीभ अडखळतेय तुझी."

ऑरिनचे कान लाल झाले होते. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण झाले खरे.

म्हणून तर गोळी हळू जाऊन चालणार नव्हतं. मंद गोळी लागली तर एल्क पडत नाही, जखमी होऊन रानात पळतो आणि कुठेतरी हाल होऊन मरतो. एल्क पडला नाही की अंगठीही निघत नाही.

त्याने एकेक कारण निपटून काढायला घेतलं. तराजूवर पारखलेली वजनं ठेवून बघितली. काटा बरोबर होता. दारू पेटवणाऱ्या, कवचांत बसवायच्या टोप्या नव्या आणल्या. दारूचा जुना डबा बाजूला सारून कोरा फोडला. थंडीने दारू मंदावते, म्हणून काडतुसं पिकअपच्या हीटरपाशी उबवून पाहिली. क्लेलच्या रायफलीची नळी घासघासून लखलखीत केली. शेवटी शेजाऱ्याचं यंत्र मागून आणलं. चोवीसशे चौदा. बरं, यंत्रं खोटी म्हणावीत, तर कागदी निशाणावरची भोकंसुद्धा वीतभर खाली.

नुसता वेग कमी असता तर एक वेळ समजलं असतं. पण काडतुसं कितीही निगुतीने भरा, दोन गोळ्यांत थोडाफार फरक पडतोच. इथे फरकच नव्हता. प्रत्येक गोळी नेमकी तेवढीच. नळीच्या तोंडाशी उभं राहून कुणीतरी प्रत्येकीला हात धरून थांबवावं, तसं. हा विचार मनात आला म्हणून ऑरिनला स्वतःचाच राग आला. आता दारू वाढवून बघायची तेवढी राहिली होती, आणि ते तो मेला तरी करणार नव्हता. भर जास्त झाल्याने तोंडावर फुटलेली रायफल त्याने एकदा पाहिली होती.

उरली राख. तिनेच काहीतरी बिघडत असणार, असं त्याने ठरवलं आणि पुढची काडतुसं राखेशिवाय भरली. व्हर्नाला सांगितलं नाही.

"रागावू नकोस, क्लेल," तो बरणीकडे बघत म्हणाला. "जन्मभर रमतगमत चाललास, सगळीकडे उशिरा पोचलास. आज तुझी गाडी चुकली समज."

गॅरेजचं दार बंद होतं, खिडकी बंद होती. तरी तराजूचा काटा हलला आणि बराच वेळ हलत राहिला.

सकाळी व्हर्ना माळावर आली ती टोपलीत कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे रोल घेऊन. रात्रभरात भुरभुर बर्फ पडलं होतं. ऑरिनने तिवईवर यंत्र लावलं. वरून सावली सरकली की ते तिचा वेग मोजतं, मग ती कशाची का असेना. व्हर्नाने क्लेलची रायफल खांद्याला लावली, श्वास सोडला आणि चाप ओढला.

चोवीसशे चौदा.

"परत तेच?" ती म्हणाली. "राख जरा कमी घाल की."

ऑरिन उगाचच तिवईचा पाय सारखा करू लागला.

"अरे, तोंड का उतरलं तुझं?"

"यात राख नाहीच, व्हर्ना. मी घातलीच नाही." त्याची मान वर होईना. "मला तो एल्क पडायला हवा होता गं."

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली नाही, तिने रायफल हलकेच खाली ठेवली.

"आधीच्यातही त्याची नव्हती," ती म्हणाली. "बरणीत माझ्या चुलीतली राख होती. क्लेल घरीच आहे, माझ्या उशाशी. खूप ठरवलं रे, पण चिमूटभरसुद्धा काढून देववेना."

वारा पडला होता. दोघांनीही क्लेलला मागे ठेवलं होतं, आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवलं होतं. मग गोळी कोण अडवत होतं?

तेवढ्यात यंत्र टुक् करून वाजलं.

रायफल जमिनीवर होती. आभाळात पाखरू नव्हतं. यंत्रावरचा जुना आकडा पुसला गेला होता आणि नवा उमटला होता: तीन. सेकंदाला तीन फूट. ऑरिनने आधी यंत्राखालच्या बर्फाकडे पाहिलं. तिथे त्याच्या स्वतःच्याच बुटांचे ठसे होते, दुसरे कुणाचे नव्हते.

"इतकं रमतगमत काय जातं?" त्याने विचारलं खरं, पण उत्तर त्याला ठाऊक होतं.

व्हर्ना आकड्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती. काढून ठेवलेला हातमोजा तिने अंगठीवरून पुन्हा चढवला. मग टोपलीतून कप काढले आणि कॉफी ओतली. एक ऑरिनला दिला, एक स्वतः घेतला आणि तिसरा यंत्राशेजारी बर्फावर ठेवला.

ऑरिनला जे विचारायचं होतं, ते त्याने विचारलं नाही.