भाग दुसरा आणि नळ आले तो रविवार

ट्रेमधला एक ग्लास नेहमी बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो.

महालाच्या जिन्यावर निळ्या झग्यातली मुलगी घसरली आणि राजपुत्र हसला नाही.

नळातून नुसताच सूं आवाज येतोय, म्हणजे अजून हवाच आहे.

पोह्यांत शेंगदाणे जास्त.

"मुलगी हीच का?"

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच आहेत, पण सगळे महालातले नाहीत. मी जुना आहे, मात्र सुरुवातीपासूनचा नाही. एका राजपुत्राचं मन जिंकायला महालात जमलेल्या मुलींची पाच भागांची कादंबरीमाला आहे, तिच्यातला मी भाग दुसरा. माझ्या पहिल्या पानावर गोष्ट आधीच सुरू झालेली असते. शेवटच्या पानावर ती संपत नाही. एक मुलगी बंद दारापाशी उभी राहते आणि मी संपतो. म्हणून मला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही.

माझा जन्म छापखान्यातला. मोठे कागद, शाई, घड्या, मग पाठीला गरम गोंद आणि तीन बाजूंनी पातं. तिथून औरंगपुऱ्यातल्या दुकानात. तिथं सोनियानं मला उचललं, पाठीवरचा मजकूर उभ्या उभ्या वाचला आणि गारखेड्याला घरी नेलं.

घरात सोनियाची आई आशाबाई होती. आणि मोनिका, आशाबाईंच्या भावाची मुलगी. ती कन्नड तालुक्यातली. शिकायला आत्याकडे राहत होती.

एका दुपारी दोघींना मी एकदमच हवा होतो. ओढाताण झाली आणि मी कण्यापाशी दुभंगलो. पुढचा अर्धा सोनियाकडे, मागचा मोनिकाकडे. दुखलं. पण खरं सांगू का, तेच माझे चांगले दिवस. मोनिका पुढचं आधी वाचायची आणि सोनियाला मुद्दाम खोटं सांगायची की निळ्या झग्यातली कालच घरी गेली. मग उशी यायची. उशीमागून सोनिया.

मग सोनियाला बघायला पाहुणे यायचे ठरले.

आशाबाईंचा नियम होता, तसा तो बऱ्याच घरांत असतो. घरात लग्नाच्या दोन मुली असल्या की एकीला बघायला येतात त्या दिवशी दुसरीनं बाहेर जायचं. मोनिकानं सिडकोतल्या मैत्रिणीकडे जायला चपला घातल्यासुद्धा. तेवढ्यात नळ आले.

आमच्या शहरात नळ कधीतरी येतात. आले की घरातलं लग्न थांबेल, पाणी थांबत नाही. आशाबाई पोह्यांत अडकलेल्या, सोनिया साडीत. मोनिकानं चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि अंगणात पाईप धरून उभी राहिली.

पाहुणे आले. मुलगा सोमनाथ, कृषी खात्यात नोकरी. त्याची आई, त्याची सुलेखाकाकू आणि सोयरीक जुळवणारे पुंजारामकाका. माझा पुढचा अर्धा सोफ्याच्या उशीखाली राहिला होता. सोमनाथच्या हाताला तो लागला आणि मोठी माणसं पावसापाण्याचं बोलत असताना तो मला वाचत बसला. चांगला वाचत होता, ओळी गाळत नव्हता.

सोनिया ट्रे घेऊन आली तेव्हा त्यानं ठरलेला एकही प्रश्न विचारला नाही. त्यानं विचारलं, "जिन्यावर पडते, तिचं पुढं काय होतं?"

"पुढचं तिच्याकडंय," सोनिया म्हणाली आणि तिनं हनुवटीनं अंगण दाखवलं.

तो हसला. सगळ्यांनी अंगणाकडे पाहिलं. तिथं मोनिका, केस भिजलेले, एका हातानं पाईप, दुसऱ्यानं ड्रम सरकवत. सुलेखाकाकूंनी पुंजारामकाकांकडे झुकून हळूच विचारलं, मुलगी हीच का?

आठवड्याच्या आत पुंजारामकाका निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे. पण पाईपवाली.

मित्रांनो, माझ्या पानांत असं झालं की मुली एकमेकींचे झगे फाडतात. इथं कुणी काही फाडलं नाही. सोनिया बोलायची थांबली, एवढंच. तिला तो हसलेला आवडला होता. मोनिकाला तो कोण हेही नीट आठवत नव्हतं, तिला फार्मसीचं शेवटचं वर्ष दिसत होतं. कन्नडहून तिच्या वडिलांचा फोन आला की घर चांगलं आहे, हो म्हण, शिकलीस तेवढं पुरे. आणि आशाबाई मोनिकाला म्हणाल्या, तू आता राहायला दुसरीकडं बघ. दुसरीकडं म्हणजे कुठं? बहिणीचं घर सोडून मुलीला शहरात ठेवणारे ते वडील नव्हते. लग्न, नाहीतर कन्नड. दोन्हीकडे शिक्षण संपत होतं.

मोनिकानं बॅग भरली. माझा मागचा अर्धा तिच्या पांढऱ्या कोटाच्या घडीत. मी तिथं पडून नुसता तळमळत होतो.

पुंजारामकाका उत्तर न्यायला आले. म्हणाले, घर तर एकच आहे ना, ही काय अन् ती काय. आतून सोनिया आली, काकांसमोर उभी राहिली.

"आम्ही काय वांगी हाव का काका, ही नको तर ती घ्यायला?" मग आईकडे वळून, "अन् मोनी कुठं जाणार नाय. परीक्षा हाय तिची."

आशाबाईंनी कप काकांपुढं सरकवला. मग पुंजारामकाकांना म्हणाल्या, "भाऊ, चहा घ्या. आमचं नाय म्हणून कळवा."

दोघींनी मिठ्या वगैरे मारल्या नाहीत. सोनिया न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. मोनिका दाराबाहेर उभी राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, सोने, टाकी संपंल. आतून हसू आलं. की हुंदका, मला बॅगेतून कळलं नाही.

आता मी चिकटपट्टीनं जोडलेला, कपाटावर, स्टॅबिलायझरच्या खोक्याशेजारी. मोनिका औषधांच्या दुकानात उभी असते, सोनिया शाळेत शिकवते. तिसरा भाग कुणी आणलाच नाही. राजपुत्रानं शेवटी कुणाला निवडलं, हे या घरात कुणालाच ठाऊक नाही, मलाही नाही.

मित्रांनो, आम्हा मधल्या भागांना जपा. उघडं पालथं ठेवून उठून जाऊ नका, कणा मोडतो. आणि हातात घेतलंत तर निदान पान पुरं करा. अर्ध्या वाक्यावर राहणं फार वाईट असतं.

आणि पुंजारामकाका त्या चहावर बोलून गेले ते राहिलंच: त्या रविवारी घरून निघण्याआधीच सोमनाथनं आईला सांगितलं होतं की त्याला एवढ्यात लग्न करायचं नाही; पाईपवाली पसंत होती ती घरच्यांना.