हारलनची गाडी सहा इंच वर

हारलन टिडवेल मंगळवारी सकाळी गेला. बुधवारी दुपारी त्याची पिकअप जॅकवर चढली.

मधल्या वेळात त्याच्या मुलाने, रॉइसने, दुःख केलं नाही असं कोणी म्हणू नये. केलं. पण गाडी उंच करायच्या लिफ्ट किटचं खोकं दोन वर्षं गॅरेजमध्ये पडून होतं आणि म्हाताऱ्याचं एकच पालुपद होतं, "मी जिवंत आहे तोवर माझ्या गाडीला हात लावायचा नाही." रॉइसने बापाचा शब्द अक्षरशः पाळला.

आमच्या बर्डेट गावात माणसाची पत त्याच्या गाडीच्या उंचीवरून ठरते. बँकेच्या मॅनेजरची गाडी चार इंच उचललेली, दातांच्या डॉक्टरची सहा. दोघांनी चिखल पाहिलाय तो टायरच्या जाहिरातीत. रॉइस विमा विकतो. घर ते कचेरी सगळा रस्ता डांबरी. ज्यांना खरोखरच शेतात जावं लागतं त्यांच्या गाड्या बुटक्याच असतात, कारण त्यांना दिवसभर हौद्यात काही ना काही चढवायचं असतं. हारलन त्यांच्यातला होता.

रॉइस आणि त्याचा मित्र ट्रेस यांनी मागचे पाटे सोडवून ऍक्सलवर लोखंडी ठोकळे बसवले, लांब यू-बोल्ट आवळले, पुढे उंच स्प्रिंगा घातल्या आणि चारही चाकं बदलून कमरेएवढी केली. आवाज ऐकून हारलनची बायको लव्होन स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात शेजारून आलेलं चौथं चिकन कॅसरोल होतं.

"काय चाललंय रे?"

"गाडी नीट करतोय, आई. बाबांसाठी."

"बरं. धुवा पण." ती आत गेली.

तिने हारलनला दवाखान्यात तीन गोष्टी कबूल केल्या होत्या. काळ्या शववाहिनीतून नेणार नाही, त्याच्याच पिकअपमधून नेईन. शवपेटी त्याने स्वतः नेमलेले सहा जणच उचलतील, दुसरा कोणी हात लावणार नाही. आणि दफनभूमीपर्यंत ती त्याच्या सोबत बसून जाईल. हारलन आयुष्यात फारसं मागणारा माणूस नव्हता. म्हणून या तीन गोष्टींत तिला तसूभरही कमी करायचं नव्हतं.

शनिवारी चर्चमधली प्रार्थना उत्तम झाली. पाद्री थोडक्यात बोलले, ही त्यांची हारलनला खरी श्रद्धांजली. मग सहा जण उठले. सगळे हारलनच्या शिकारीच्या कंपूतले. एकाचा गुडघा नवा, दुसऱ्याचे दोन्ही. डब साइझमोरच्या छातीत पेसमेकर. बाकीच्या तिघांच्या पाठीबद्दल त्यांच्या बायका बोलतात, ते स्वतः बोलत नाहीत. पेटी घेऊन ते पायऱ्या उतरले, बाहेर आले आणि थांबले.

गाडी चकाचक धुतलेली होती. हौद्याचा उघडलेला फाळका डबच्या छातीला लागत होता.

"ही कोणाची गाडी?" डबने विचारलं.

"बाबांचीच, डबकाका," रॉइस म्हणाला. त्याचा चेहरा अजून अभिमानाने फुललेला होता. "सहा इंच उचलली."

"आणि त्याला कोण उचलणार, तुझा काका?"

तरी त्यांनी प्रयत्न केला. डबने "एक, दोन" म्हटलं, तीनला पेटी बरगड्यांपर्यंत आली आणि तिथेच राहिली. कोणाचा तरी गुडघा वाजला. नवा की जुना, ते कळलं नाही. पेटी चाकांच्या स्टँडवर ठेवावी लागली. अंत्यविधी सांभाळणारे पेटसबुवा रुमालाने कपाळ टिपत पुढे झाले.

"लव्होनबाई, शववाहिनी मागेच उभी आहे. कोणी काही म्हणणार नाही."

"हारलन म्हणेल."

"आम्ही तरुण आहोत की दहा जण," ट्रेस म्हणाला. "आत्ता टाकतो वर."

"हात लावून तर बघ," डब म्हणाला. तो अजून धापा टाकत होता. "नाव घेऊन नेमलंय आम्हाला."

पार्किंगच्या टोकावरून कोणीतरी ओरडलं, "माझा ट्रॅक्टर आणू का? पुढे गवताचे गठ्ठे उचलायचे काटे आहेत!"

लव्होनने तिकडे नुसतं पाहिलं. ट्रॅक्टरवाला आपल्या बुटांची पाहणी करू लागला.

मग ती गाडीपाशी गेली. पुढचं दार उघडलं. सीट तिच्या हनुवटीला येत होती. तिने एक पाय उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला.

"रॉइस, हे खाली कर."

"आई, आत्ता?"

"मग काय ईस्टरला?"

"अगं, सूट घातलाय मी."

"बापाने पण घातलाय. त्याची काही तक्रार नाही."

पेटी चर्चच्या व्हरांड्यात सावलीत गेली. दफनानंतरचं जेवण बायकांनी आधीच मांडलं. हॅम, भरलेली अंडी, बटाट्याचं कॅसरोल. माणूस जमिनीत जाण्याआधीच त्याच्या नावाने जेवायची ही आमच्याकडे पहिलीच वेळ, पण कोणी उपाशी राहिलं नाही. रॉइस आणि ट्रेस कोट काढून गाडीखाली शिरले. घरून जुनी चाकं, जुने यू-बोल्ट आणि दोन जॅक आले. सहा म्हातारे ताटं मांडीवर घेऊन खुर्च्यांवर बसले आणि सल्ला देऊ लागले.

"डावीकडचा आधी."

"उजवीकडचा. डावीकडचा कोणी आधी सोडतं का?"

"तुझी गाडी जॅकवरून कशी पडली होती ते ठाऊक आहे आम्हाला, तू गप बस."

मागचे ठोकळे निघाले, जुनी चाकं चढली. पुढची बाजू मात्र राहिली. स्प्रिंगा काढायचं हत्यार ट्रेसने ज्याच्याकडून आणलं होतं तो मासे पकडायला गेला होता. त्यामुळे गाडी मागे बसलेली आणि पुढे नाक वर केलेली, बिस्किट मागणाऱ्या कुत्र्यासारखी दिसू लागली. बँकेचे मॅनेजर म्हणाले की याने सारी शोभा गेली. ते मनापासून बोलत होते.

सहा जणांनी तोंडं पुसली आणि पेटी उचलली. फाळका कमरेला होता. पेटी सरकत आत गेली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला ठरवता आलं नाही.

"तुम्ही कुठे बसणार?" पेटसबुवांनी विचारलं. पुढची सीट अजून आभाळात होती.

लव्होनने चर्चची घडीची खुर्ची मागवली, ती हौद्यात पेटीशेजारी ठेवायला लावली, फाळक्यावर बसली, पाय वर घेतले आणि जाऊन खुर्चीत बसली. पर्स मांडीवर.

अंत्ययात्रेपुढे पोलीस गाडी घेऊन चालायला आलेल्या डेप्युटी शेरीफने टोपी काढली. "काकू, उघड्या हौद्यात बसायला कायद्याने वय अठराच्या वर लागतं."

"आहे."

"मग माझी हरकत नाही."

रॉइस गाडी चालवत होता, पण त्याला समोर बॉनेट आणि ढग एवढंच दिसत होतं. तो खिडकीतून मान बाहेर काढून पुढच्या पोलीस गाडीकडे बघत गाडी हाकत होता. समोरून येणाऱ्या गाड्या रिवाजाप्रमाणे कडेला थांबल्या. लव्होन प्रत्येकाला मान हलवून ओळख देत होती. एक हात पेटीवर, कारण गाडीच्या उतारामुळे पेटी मागे सरकू बघत होती. "हळू घे!" तिने टपावर मूठ आपटली. "तो घसरतोय!"

दफनभूमीत सहा जणांनी पेटी न थांबता उतरवली. रॉइस धावत मागे आला आणि त्याने आईसाठी दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत ग्रीस होतं.

"तू त्यांच्याबरोबर जा," ती म्हणाली. मग खुर्चीवरून उठली, फाळक्यावर बसली, पाय खाली सोडले. ते जमिनीला टेकले. ती उतरली आणि पेटीच्या मागे चालू लागली.